किती हवं ते सांगा

आमच्या कार्यालयाच्या आतल्या खोलीत पंखा नाही. खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत. दारं दोन, एकामागे एक, आणि पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. मधोमध दगडी टेबल आहे. त्याचा पाया इमारतीच्या पायाला न जोडता वेगळा घातलाय, म्हणजे बाहेरून ट्रक गेला तरी टेबलाला पत्ता लागत नाही. टेबलावर काचेची पेटी, पेटीत तराजू, आणि तराजूपुढे गेली एकवीस वर्षं माझ्या थोरल्या जाऊबाई. सोनारांची, औषधवाल्यांची, प्रयोगशाळांची वजनं खरी आहेत का ते त्या बघतात. खरी नसली तर किती खोटी, ते मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत सांगतात.

कार्यालयात त्यांना मिलिग्रॅमबाई म्हणतात, अगदी तोंडावर. मी ताई म्हणते. मी बाहेरच्या खिडकीवर बसून लोकांची वजनं आत घेते आणि लोकांशी वाद घालते. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली. एका घरातून निघून एका बसनं यायचं, एका डब्यात जेवायचं, एका बसनं परत. एवढं करून आम्ही दोघी जावा अजून एकमेकींशी बोलतो, याचं श्रेय माझं नाही. मी बोलते, त्या ऐकतात, असं आमचं जमलंय.

त्या खोलीत गेलं की माझी जीभसुद्धा आपोआप बंद होते. वजन पेटीत ठेवल्यावर लगेच आकडा वाचायचा नसतो. माणूस आत आला की त्याच्या अंगाच्या उबेनं हवा हलते, आणि ती निवायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं ताई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसतात. भिंती फिक्या हिरव्या, उजेड दुधासारखा, आणि कुठूनही आवाज नाही. मी दोनदा तिथे स्टुलावर बसल्या बसल्या झोपले आहे. 'एवढा वेळ कसला विचार करता हो?' असं मी एकदा विचारलं. 'विचार नाही करत,' त्या म्हणाल्या, 'हवा थांबायची वाट बघते.' आकडा ठरत आला की त्या पुढे वाकून टेबलाच्या कडेला टेकायच्या, जवळजवळ काचेला चिकटून, आणि श्वास रोखून वाचायच्या. चालतानाही त्यांचे खांदे पुढे आणि पाठ वाकलेली. एकवीस वर्षं वाकून बसलं की असं होणारच, असं मी धरून चालले होते.

मग डाव्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, आणि पूर्ण स्तन काढावा लागेल असं ठरलं. त्याच ऑपरेशनमध्ये तिथे कातडीखाली एक पिशवी बसवायची, तिच्यात तेव्हाच शंभर मिलिलिटर आणि मग दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं मिठाचं पाणी भरून कातडी हळूहळू ताणायची, आणि काही महिन्यांनी ती पिशवी काढून तिच्या जागी कायमचं रोपण करायचं. हे सगळं प्लास्टिक सर्जन बाईंनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. ताईंनी एकच शेरा मारला. 'म्हणजे कमी भरणाऱ्या लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरतो तसं.' डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला रडू आलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ लवकर सापडली होती, त्यामुळे पुढे गोळ्यांवर भागलं. टाके सुकल्यावर पहिल्या गुरुवारी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'किती हवं ते सांगा. म्हणजे शेवटी आकार केवढा असावा, तुमच्या मनात काय आहे?'

मी लगेच तोंड घातलं. 'करतोच आहोत तर जरा झोकात करून घ्या ना ताई!' डॉक्टर हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

'पाचशे सतरा मिलिलिटर,' त्या म्हणाल्या.

काढलेला भाग तपासायला पाठवतात, त्याच्या अहवालात त्याचं वजन लिहिलेलं असतं. चारशे शहाऐंशी ग्रॅम. ताईंनी ते वाचलं, चरबीची घनता शोधून काढली आणि भागाकार केला. गेलं तेवढंच परत हवं. कमी नको, जास्त नको.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला. 'लोक मला कपाचा नंबर सांगतात,' त्या म्हणाल्या. 'कुणी नटीचा फोटो आणतं. भागाकार पहिल्यांदाच बघतेय.' मग त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि समजावलं. त्या वजनात कातडी होती, काखेतला भाग होता. शिवाय छातीची रुंदी ठरलेली असते, तिच्यात जेवढं मावतं तेवढंच चांगलं दिसतं. ताईंच्या अंगाला पाचशे सतरा घातलं तर ते वर फुगून घट्ट बसेल. आणि कितीही मोजून भरलं तरी नवं ते नवं, उंच आणि टणक राहणार. उजवं पन्नाशीला आलेलं. दोन्ही जुळवायचीच असतील तर उजव्यालाही थोडं लहान करून उचलता येतं. आकड्यापेक्षा आरशात काय बघायचंय ते ठरवा, असं त्या म्हणाल्या.

'उजव्याला हात लावायचा नाही,' ताई म्हणाल्या. 'डावं त्याच्याएवढं करा.'

'घाई नाही,' डॉक्टर म्हणाल्या. 'भरता भरता ठरवू.'

ते गुरुवार मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. दुपारची वेळ, वेटिंग रूमची खिडकी दुधी काचेची, बाहेर कुठलंसं झाड असावं, त्याची सावली काचेवर हळूहळू सरकायची. खुर्च्यांवर बायका बसलेल्या, कुणी कुणाशी बोलत नाही, पण प्रत्येकीची नजर एकदा तरी दुसरीच्या छातीवरून फिरून परत यायची. मीही बघायचे. कुठली खरी, कुठली नवी, ओळखता यायचं नाही. आतल्या खोलीत ताई पलंगावर पडून तोंड भिंतीकडे करायच्या आणि डोळे मिटायच्या. सिस्टर जागा शोधायच्या, सुई घालायच्या, आणि साठ मिलिलिटर पाणी सावकाश आत जायचं. कातडीला संवेदना उरली नव्हती.

'काय होतं हो?' मी विचारायचे.

'दुखत नाही,' त्या डोळे न उघडता म्हणायच्या. 'कुणीतरी शेजारच्या घरात नळ सोडलाय असं वाटतं.'

रात्री मात्र ताण यायचा आणि स्वप्नं पडायची. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या मला स्वप्न सांगायच्या. याआधी त्यांनी मला कधी काही आपणहून सांगितलेलं नव्हतं. स्वप्न दर वेळी तेच. वजनांच्या खोलीची दोन्ही दारं एकदम उघडी, आणि पाणी आत येतंय, कोमट, टेबलाच्या उंचीपर्यंत. पितळी वजनं पाण्यावर तरंगताहेत. 'पितळ तरंगत नाही,' मी म्हटलं. 'तेच तर,' त्या म्हणाल्या, 'मला स्वप्नातही माहीत होतं. पण मी त्यांना चिमट्यानं धरायला गेले नाही. म्हटलं, तरंगू देत.' आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या गुरुवारनंतर त्या कामावर रुजू झाल्या, आणि तिथे भलतंच सुरू झालं. मिलिग्रॅमबाईंचे आकडे चुकायला लागले. दोनशे ग्रॅमचं एक वजन त्यांनी तपासलं, तर तीन दशांश मिलिग्रॅम जास्त आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तेच तपासलं, तर बरोबर. पुन्हा ताईंनी, पुन्हा जास्त. एरवी असं झालं असतं तर सगळ्यांनी दुसरीची चूक धरली असती. इथे दोनदा, पाचदा, रोज तसंच व्हायला लागलं. ताईंनी टेबल समपातळीत आहे का ते बघितलं. दाराच्या फटीला पट्टी लावून घेतली. समोर नवीन इमारतीचं काम चालू होतं, तिथे जाऊन लिफ्ट कधी चालते त्याच्या वेळा लिहून आणल्या. तराजू बनवणाऱ्यांचा माणूस बोलावला. तो दिवसभर बसला आणि तराजू निर्दोष आहे असं लिहून देऊन गेला. साहेब प्रेमळ माणूस. ते म्हणाले, 'तुम्ही अजून थोडी रजा घ्या.' ताईंचा चेहरा पडला. छाती गेली तेव्हा तो असा पडला नव्हता.

चौथ्या गुरुवारी दवाखान्यात का कोण जाणे, त्यांनी डोळे उघडे ठेवले. सिस्टरांच्या हातात एक छोटी वस्तू दोऱ्याला टांगलेली होती. ती छातीवरून फिरवता फिरवता एका जागी एकदम खाली ओढली गेली.

'हे काय?' ताईंनी विचारलं.

'लोहचुंबक. सुई कुठे घालायची ते कळतं यानं. पिशवीच्या तोंडाशी आत दुसरा असतो ना.'

'कुठे आत?'

'तुमच्या आत.'

ताई ताडकन उठून बसल्या. 'माझ्यात लोहचुंबक आहे?'

'पहिल्या दिवशी माहितीपत्रक दिलंय,' सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या. दिलं होतं. मी वाचलंही होतं, आणि वाचून कपाटात ठेवलं होतं. मला त्यात काय कळणार! पण ताईंना कळलं. पोलादी वजनापासून वीतभर अंतरावर, काचेला टेकून, श्वास रोखून, चार आठवडे त्या स्वतःच लोहचुंबक घेऊन बसत होत्या. सगळं जग तपासून झालं होतं. लिफ्टसुद्धा. स्वतःला तेवढं तपासायचं राहिलं.

त्या हसायला लागल्या. उघड्या छातीनं, सुई टोचायची बाकी असताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिस्टर घाबरल्या. मी त्यांना एवढं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवहीत 'त्रुटीचे कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'तपासनीस.' आणि पिशवी निघेपर्यंत स्वतःची बदली मोठ्या काट्यावर करून घेतली, जिथे पोती आणि पिंपं मोजतात.

पण त्याच गुरुवारी, परतीच्या बसमध्ये, हसू ओसरल्यावर त्या मला म्हणाल्या, 'तुला एक सांगू? आता तीनशे चाळीस झालंय. मला हे एवढंच बरं वाटतंय.'

'मग एवढंच ठेवा.'

'नाही ठेवता येत.'

'का? कुणी पकडून नेणार आहे?'

बस सिग्नलला उभी होती. दुपारचं ऊन सीटवर पडलं होतं आणि आमच्याखेरीज बसमध्ये दोघंतिघंच होते, तेही पेंगत. ताई हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या.

'मला आयुष्यभर ती लहान हवी होती,' त्या म्हणाल्या. 'आणि ऑपरेशनच्या आधी, तो मास्क नाकावर ठेवला ना, तेव्हा माझ्या मनात काय आलं माहितीये? चला, एक तरी गेलं. असं. मला बरं वाटलं गं. घरात तुम्ही सगळे रडताय, हे पाण्याचा घोट घेत नाहीयेत, आणि मी तिथे पडून खूश. असला विचार करणाऱ्या बाईनं वर आणखी मागायचं? म्हणून म्हटलं, गेलं तेवढंच परत घ्यायचं. म्हणजे या आजारातून मी काही मिळवलं असं होणार नाही.'

मला राग आला. कोणाचा ते कळेना. बहुधा त्या मास्कचा. म्हटलं, 'ताई, गाठ आधी झाली की विचार आधी आला?'

'गाठ.'

'मग ती काही तुम्ही मागून आणली नाही. क्रम बघा ना.'

त्या बराच वेळ क्रम बघत राहिल्या. आमचा थांबा गेला. दोघींच्याही लक्षात आलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत तशाच गेलो आणि उलट्या बसनं परत आलो.

उरला प्रश्न माझ्या मोठ्या दिरांचा. ते शाळेत भूगोल शिकवतात, कमी बोलतात, आणि 'तुला हवं तसं' एवढं वाक्य त्यांनी ऑपरेशनपासून शंभरदा म्हटलं होतं. ताईंना त्या वाक्याची चीड यायची. त्यात त्यांना आपलं काय हवंय ते लपवलेलं दिसायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय आवडतं हे बायकोला ठाऊक असतंच, असं त्या म्हणायच्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी धीर करून सांगितलं, आणि काय झालं ते मला सकाळी बसच्या रांगेत कळलं.

'मी म्हटलं, मला पहिल्यापासून लाज वाटायची, म्हणून मी वाकून चालते. तर हे इस्त्री करत होते, ती तशीच हातात धरून उभे राहिले.'

'मग?'

'म्हणाले, मला वाटत होतं तू माझ्यासाठी वाकतेस.' ताईंनी ओठ दाबले. 'ते माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटके आहेत ना. त्यांना वाटायचं, मी त्यांच्याहून उंच दिसू नये म्हणून वाकते. सव्वीस वर्षं मनातल्या मनात माझे आभार मानत होते. आणि शर्ट जाळला.'

मी रांगेतच फिस्सकन हसले. त्याही हसल्या, मग म्हणाल्या, 'अगं, पण किती वाईट वाटलं असेल त्यांना.' तेवढ्यात बस आली.

पाचव्या गुरुवारी सिस्टरांनी साठ मिलिलिटरची पिचकारी भरून ठेवली होती. ताईंनी कपडे काढले नाहीत. खुर्चीवरच बसल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टरांना बोलवा.' डॉक्टर आल्या. ताईंनी पर्समधून कागद काढला, या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलेला, मुद्द्यांवर आकडे घातलेले.

'मला आणखी नको,' त्या म्हणाल्या. 'एवढंच ठेवा. आणि उजवंही एवढंच करा. मला लहान हवी आहेत.'

बावीस वर्षांत त्यांनी कुणाकडे 'मला हवं' म्हणून काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी श्वास रोखला.

'बरं,' डॉक्टर म्हणाल्या. 'सिस्टर, ते ठेवून द्या. आज काही भरायचं नाही.' आणि फाइलमध्ये लिहायला लागल्या.

ताई बसूनच राहिल्या. 'एवढंच?'

'एवढंच. तुमच्या छातीला शोभेलही ते. उजव्याचं आपण तेव्हाच करू.'

'तुम्ही कारण नाही विचारलंत.'

'कारण लागत नाही.'

ताईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. पंधरा दिवस बसून लिहिला होता तो, आणि कुणालाच त्याची गरज नव्हती. मला वाटलं, त्या घडी करून ठेवून देतील. तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी काय पाहिलं कोण जाणे, पण पेन बंद केलं आणि म्हणाल्या, 'वाचा ना. मला ऐकायचंय.'

'एक,' ताईंनी वाचलं. 'मी तेराव्या वर्षापर्यंत पळत होते. शाळेत माझ्यापुढे कुणी नव्हतं. नंतर सगळे मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायला लागले, पळणं बघायला नव्हे. मी पळणं सोडलं.'

त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि खुणेनं सांगितलं, तू वाच. मी दुसरं वाचलं, ते पाठदुखीचं होतं. तिसरं वाचलं. चौथ्याशी आले आणि थांबले.

चौथं असं होतं: 'घरात एक विनोद आहे. दारातून आधी त्या दोघी येतात आणि मग मागून मी येते. सगळे हसतात. मीही हसते.'

तो विनोद माझा. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच महिन्यात मी तो केला होता. सगळे हसले, मला वाटलं मी घरची झाले. त्यानंतर किती वेळा केला ते मला आठवतही नाही. कागदावर माझं नाव नव्हतं. घरात, एवढंच लिहिलं होतं.

'वाच ना,' ताई हळूच म्हणाल्या.

मी मोठ्यानं वाचलं.